पंखांवाचून उत्थापन : अवकाशकुपीच्या परतीचा एक पाठ

आपल्या न्यासाच्या पुष्कळ सभासदांच्या घरी आज संगणक आला आहे आणि मुले त्यावर अवकाशयान उडविण्याचा खेळ खेळताना दिसतात. वडीलधाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु २००० साली मार्टिन श्वायगर यांनी उपलब्ध करून दिलेल्या ‘ऑर्बिटर’सारख्या सिम्युलेटरमध्ये गतिशास्त्राचे खरे नियम वापरलेले असतात. त्यातील एकच प्रश्न घेऊन त्याचा थोडा विचार करू. कुपीला पंख नसतात. मग परतताना हवा तिला उचलून कशी धरते, आणि ही गोष्ट संगणकाला कशी सांगावी?

प्रथम या उत्थापनाची गरज पाहू. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कुपीचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर असतो. तो वेग हवेच्या रोधाने मोडावयाचा असतो. १९६१ च्या एप्रिलमध्ये युरी गागारिन ज्या व्होस्तोक यानातून परतले, त्याची कुपी गोल होती. गोलाला उत्थापन मिळत नाही. फेकलेल्या दगडासारखी ती दाट हवेत शिरली आणि आतील माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे ८ पट भार आला. साठ किलोच्या माणसाला आपले शरीर ४८० किलोचे भासावे, असा हा प्रकार! कुपी विरळ हवेत अधिक काळ तरंगती ठेवता आली, तर वेग हळूहळू मोडतो आणि हा भार निम्म्यावर येऊ शकतो.

हे कसे साधतात? पतंग डोळ्यांसमोर आणा. दोरा कोठे बांधला यावर पतंग वाऱ्यात किती तिरका राहील हे ठरते; गाठ थोडी वरखाली झाली की त्याची चाल बदलते. कुपीमध्ये दोऱ्याच्या गाठीचे काम गुरुत्वमध्य करतो. आतील जड सामान मुद्दाम एका बाजूस ठेवून गुरुत्वमध्य मधल्या अक्षापासून किंचित सरकवितात. त्यामुळे कुपी बोथट तोंड पुढे करून, परंतु थोडी तिरकी अशी स्थिरावते.

आता थोडे गणित. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त प्रवाहाचे कण वस्तूवर आदळतात अशी कल्पना करून रोधाचा विचार केला होता. सामान्य विमानास ती लागू पडत नाही. पण ध्वनीच्या अनेक पट वेगात ती बरीच खरी ठरते. सपाट तबकडीवर हवेचा दाब तिच्या पृष्ठभागाशी काटकोनात पडतो. तबकडी २० अंश तिरपी केली की या दाबाचे दोन भाग होतात : मागे ओढणारा रोध आणि आडवे ढकलणारे उत्थापन. त्यांचे गुणोत्तर २० अंशांच्या स्पर्शज्येइतके, म्हणजे ०.३६ येते. अपोलो कुपीचे कवच सपाट नसून फुगीर होते, म्हणून तिचे गुणोत्तर सुमारे ०.३ भरले. हे अल्प वाटेल. पण रोधामुळे ४ पट भार येत असतो, तेव्हा उत्थापन १.२ पट, म्हणजे कुपीच्या स्वतःच्या वजनाहूनही अधिक असते.

संगणकाला हे सांगताना नवशिक्याच्या हातून दोन चुका होतात. पहिली, विमानाची सूत्रे जशीच्या तशी घेणे. ती लहान कोनांसाठी असतात. कुपी तर उलट्या तोंडाने येते, म्हणून सर्व कोनांसाठी गुणांकांचे कोष्टक द्यावे लागते. दुसरी चूक म्हणजे उत्थापनाचा बाण कायमचा आकाशाकडे लावून टाकणे. योग्य रीत अशी : उंचीवरून हवेची घनता काढावी, वेग व कोन यांवरून बल काढावे, ते बल गुरुत्वमध्यापासून किती बाजूने जाते यावरून कुपी किती वळेल ते काढावे, मग क्षणभर पुढे सरकून पुन्हा तेच करावे. हा क्षण फार लहान हवा, कारण एका सेकंदात कुपी सुमारे आठ किलोमीटर पुढे जाते. अशा रीतीने कुपी आपला तिरपेपणा आपणच शोधते.

उत्थापन कमी-जास्त करता येत नाही. फक्त त्याची दिशा बदलता येते. कुपी आपल्या अक्षाभोवती वळविली की उत्थापन वर, खाली वा बाजूस लागते, आणि त्यावरच उतरण्याची जागा साधतात. कुपी एकसारखी फिरत ठेवली, तर उत्थापन सर्व दिशांना वाटले जाऊन निष्फळ होते. १९ एप्रिल २००८ रोजी सोयूझ टीएमए-११ चा एक कक्ष वेळेवर नीट सुटला नाही आणि कुपी उत्थापनाविना उतरली. पेगी व्हिटसन, युरी मालेन्चेन्को व यी सो-यन या तिघांनी सुमारे ८ पट भार सोसला आणि ते ठरलेल्या जागेच्या चारशेहून अधिक किलोमीटर अलीकडे उतरले. सुदैवाने तिघेही वाचले.

गुणांक चुकला तर काय होते, याचाही दाखला आहे. २३ मार्च १९६५ रोजी जेमिनी-३ यानातून ग्रिसम व यंग परतले. वातबोगद्यातील प्रयोगांवरून जेवढे उत्थापन अपेक्षिले होते, तेवढे प्रत्यक्षात मिळाले नाही. कुपी नियोजित जागेच्या ऐंशीहून अधिक किलोमीटर अलीकडे अटलांटिक महासागरात पडली. पुढील उड्डाणांत हा अनुभव जमेस धरला गेला.

विद्यार्थ्यांनी घरी एवढे करून पाहावे. सिम्युलेटरमध्ये गुरुत्वमध्य प्रथम अक्षावर ठेवावा, मग बाजूस सरकवावा, आणि शेवटी कुपी फिरती ठेवावी. तिन्ही वेळचा कमाल भार व उतरण्याची जागा वहीत टिपावी. नंतर उत्थापनाचा गुणांक एक-दशांशाने कमी करून कुपी कोठे पडते ते पाहावे. वहीतील एका आकड्यावर माणसाचे घरी परतणे अवलंबून असते, हे ज्या मुलाला उमगले, त्याचा खेळ वाया गेला असे कोणी म्हणू नये.