मातीचे देणे

महोत्सवी स्मरणिकेत जमाखर्चाचे एक पान असते. देणग्या, ठेवी, शिष्यवृत्त्या आणि इमारत निधी यांचा मेळ त्यात घातलेला असतो, आणि सभासद तो बारकाईने पाहतात. कोणाचे देणे राहिले असेल तर ते फेडल्यावाचून महोत्सव साजरा करू नये, ही आपल्या वाडवडिलांची रीत होती. आज त्या पानाशेजारी आम्ही आणखी एक खाते मांडू इच्छितो. त्या खात्यातील धनको तगादा लावीत नाही, म्हणूनच ते खाते आपण विसरलो आहोत. हा धनको म्हणजे माती.

आपल्या समाजाशी या विषयाचा काय संबंध, असे कोणी विचारील. होळकरशाहीत आपली घराणी माळव्यात आली, जमिनी मिळाल्या, गावे वसली. पुढे शिक्षण, वकिली, नोकरी यांच्या मागे आपण इंदूर शहरात स्थिरावलो. परंतु अजूनही अनेक घरांची दहा-वीस बिघे जमीन सांवेर, देपालपूर, महू या बाजूस आहे. ती आपण कसत नाही, पण तिचे धान्य किंवा पैसा घरी येतो. ज्याच्या घरी जमिनीचे उत्पन्न येते, त्यास जमिनीच्या प्रकृतीची चौकशी करणे भागच आहे.

माती ही जिवंत वस्तू

माळव्याची काळी माती अग्निजन्य खडकाच्या झिजेतून झाली आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते आणि जमीन जणू स्वतःलाच नांगरते. ओल धरून ठेवण्याचा तिचा गुण मोठा आहे. दोन-तीन सेंटीमीटर थर तयार होण्यास निसर्गाला हजार वर्षेही लागू शकतात. वाहून जाण्यास मात्र एक जोराचा पाऊस पुरतो.

मातीत केवळ खनिजांचे कण नसतात. पाणी, हवा, कुजलेला पालापाचोळा आणि असंख्य सूक्ष्म जीव मिळून माती होते. या कुजलेल्या अंशास ह्यूमस म्हणतात. कणांना एकत्र बांधणे, ओल धरणे आणि पिकास अन्न हळूहळू पुरविणे ही त्याची कामे. मातीपरीक्षणात हा अंश सेंद्रिय कर्बाच्या प्रमाणावरून मोजतात. ते ०.५ टक्क्यांहून कमी असल्यास जमीन या बाबतीत दुबळी समजतात.

आता हिशेब पाहू. पूर्वी माळव्यातील पुष्कळ काळी जमीन पावसाळ्यात मोकळी ठेवीत आणि साठलेल्या ओलीवर रब्बीत गहू किंवा हरभरा घेत. १९७० नंतरच्या दशकांत सोयाबीन आले, विहिरी व नलिकाकूप वाढले आणि एका पिकाच्या जागी दोन पिके निघू लागली. यात शेतकऱ्याचे कल्याणच झाले. त्यास नावे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु जमिनीतून उचल वाढली त्याच काळात भरणा घटला. ट्रॅक्टर आला, बैल गेले, शेणखत कमी झाले. कापणीयंत्रामागे उभी राहिलेली गव्हाची नरवाई जाळून टाकण्याची चाल पडली. जो काडीकचरा मातीस परत मिळावयाचा, त्याचा धूर होतो आणि वरच्या थरातील जीवही भाजून निघतात. उचल दुप्पट आणि भरणा निम्मा, अशी पेढी किती दिवस चालेल?

इंदूरने जगास दिलेला धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे एक मोठे काम आपल्याच शहरात झाले, ही गोष्ट आपल्या मुलांना शाळेत क्वचितच कळते. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारातील पुसा येथील सरकारी संशोधन केंद्रात आले. १९२४ साली त्यांच्या नेतृत्वाखाली इंदूर येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने जमीन दिली. मध्य भारतातील संस्थाने व कापूस समिती यांनी द्रव्यसाहाय्य केले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही शास्त्रज्ञ होत्या आणि १९३० साली निधन होईपर्यंत त्या या कामात बरोबरीने राबल्या.

मूळ उद्देश कापसाची सुधारणा हा होता. परंतु हॉवर्ड यांच्या ध्यानात आले की, जमीन सुधारल्याशिवाय नुसते बियाणे सुधारून भागणार नाही. येथील शेतकऱ्यांकडून आपण शिकलो, असे ते मोकळेपणाने सांगत. चीनमधील शेतकरी शतकानुशतके टाकाऊ पदार्थ मातीस परत देत आले आहेत, याचाही त्यांनी अभ्यास केला. या सर्वांतून १९२४ ते १९३१ या काळात खत तयार करण्याची जी रीत सिद्ध झाली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली या विषयावर इंग्रजीत जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. गांधीजी १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले असता त्यांनीही हे काम पाहिले. भारत, सिलोन व आफ्रिका येथील चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत ही पद्धत पोहोचली. त्या जागेवर आज कृषि महाविद्यालय आहे.

पद्धत अगदी साधी आहे. पालापाचोळा, तण, काड्या, धसकटे असे सर्व जिन्नस मिसळून घ्यावयाचे. कापसाच्या पऱ्हाट्यांसारखी कठीण काडी संस्थेच्या शेतावर गाडीवाटेत पसरीत. चाकांखाली ती चिरडून मऊ होई. हा कचरा गुरांखाली अंथरावयाचा, म्हणजे त्यात मूत्र मुरते. मग दोन फुटांहून अधिक खोल नसलेल्या खड्ड्यात त्याचे पातळ थर द्यावयाचे, आणि प्रत्येक थरावर शेणकाला, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती व थोडी राख टाकावयाची. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. खड्डा तुडवून घट्ट करू नये, कारण कुजविणाऱ्या जीवांस हवा लागते. तीन वेळा उलथापालथ केली की, सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत हाती येते. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून जमिनीवर ढीग रचावा.

यामागील शास्त्र असे. सुरुवातीच्या मिश्रणात साधारण ३३ भाग कर्बास १ भाग नत्र असावे. कुजून तयार झालेल्या खतात हे प्रमाण १० भागांस १ भाग इतके उतरते. कच्ची काडी शेतात तशीच गाडली, तर ती कुजविण्यासाठी जीवाणू मातीतलेच नत्र उचलतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून पचन आधी खड्ड्यात होऊ द्यावयाचे. या साऱ्याच्या मुळाशी हॉवर्ड यांचा परतफेडीचा नियम आहे: मातीतून जे घेतले ते मातीस परत द्यावे.

पत्रिका आली, पुढे काय?

संशोधन झाले, ते लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी धोरण लागते. केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. या पत्रिकेत बारा गोष्टींचे माप असते: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, आणि आम्लता, क्षारता व सेंद्रिय कर्ब. कोणत्या पिकास कोणते खत किती द्यावे, याची शिफारसही तीत असते.

येथे आम्हांस आमचीच चूक सांगितली पाहिजे. सांवेरकडील आमच्या जमिनीची पत्रिका जमीनमालक म्हणून आमच्या नावाने आली. आम्ही ती वाचली, कौतुक केले आणि कपाटातील कागदपत्रांत ठेवून दिली. जमीन कसणारा बटाईदार निराळाच. त्यास ती दिलीच नाही. पुढे दोन वर्षांनी सोयाबीन खुरटले, तेव्हा कपाट उघडले. जस्त व गंधक कमी, सेंद्रिय कर्ब कमी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. बटाईदार बिचारा दरसाल युरियाच टाकीत होता. आम्ही शिकलेले म्हणवून घेणारे. आणि अज्ञान कोठे होते, तर आमच्या कपाटात!

आम्ही त्यास म्हटले, "शेणखत का घालीत नाही?" त्याने शांतपणे उत्तर दिले, "शेणखताचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत पुरतो. आपण जमीन एकेका वर्षाच्या बोलीने देता. पुढल्या वर्षी ती माझ्याकडे असेल का, ते आपणच सांगा." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. मातीचे नुकसान अज्ञानामुळे जितके होते, तितकेच आपण घातलेल्या अटींमुळेही होते, हे त्या दिवशी आम्हांस उमगले.

धोरण मोठे आणि धोरण घरगुती

सरकारी धोरणातही अशाच गाठी आहेत. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांस त्यांतील अन्नद्रव्याच्या प्रमाणात अनुदान मिळू लागले. युरिया त्या व्यवस्थेबाहेर राहिला आणि त्याची किंमत सरकारने ठरवून स्वस्त ठेवली. युरियाच्या शंभर किलोंत ४६ किलो नत्र असते. त्यात स्फुरद नाही, गंधक नाही, जस्त नाही. जे स्वस्त तेच अधिक पडणार. पुढे २०१५ साली युरियास निंबोळी तेलाचे लेपन सक्तीचे झाले, २०१८ साली ५० किलोंची गोणी ४५ किलोंची झाली. हे उपाय योग्यच आहेत, पण पत्रिका एक सांगते आणि दुकानातील किंमत दुसरेच शिकविते, ही विसंगती अद्याप राहिली आहे. सुशिक्षित नागरिकांनी यावर सभांतून व पत्रांतून बोलले पाहिजे.

परंतु दिल्लीचे धोरण बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक जमीनमालकाचे एक घरगुती धोरण असते, आणि ते आजच बदलता येते. आम्ही बटाईचा करार तीन वर्षांचा व लेखी केला. दरसाल घालावयाच्या खताचा निम्मा खर्च आमचा आणि नरवाई जाळावयाची नाही, अशी कलमे घातली. लेखी करार केल्यास जमीन हातची जाईल, ही भीती अनेकांस वाटते. मालक व बटाईदार या दोघांच्याही हितरक्षणासाठी मध्यप्रदेशात २०१६ साली स्वतंत्र कायदा करण्यात आला आहे. जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन त्याचा लाभ घ्यावा. आमच्या शेताच्या मातीत चमत्कार झाला, असे आम्ही म्हणणार नाही; एवढ्यात तो होतही नसतो. पण यंदा बांधाशी खताचा पहिला ढीग उभा आहे, आणि पत्रिका बटाईदाराच्या घरी आहे.

सभासदांस विनंती

या महोत्सवी वर्षात सभासदांनी व न्यासाने तीन गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे.

पहिली, ज्यांची जमीन आहे त्यांनी माती तपासून घ्यावी. रब्बी निघाल्यावर, खरिपाच्या आधी, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा १५ सेंटीमीटर खोल खड्डा करावा आणि त्याच्या बाजूची वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची चकती घ्यावी. झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याजवळची किंवा नुकतेच खत घातलेली जागा टाळावी. सर्व माती मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत. असे करीत अर्धा किलो उरवावी. ती सावलीत वाळवून कापडी पिशवीत, नाव, खसरा क्रमांक व पीक लिहून प्रयोगशाळेत द्यावी. अहवाल कसणाऱ्याच्या हाती द्यावा आणि त्यास वाचून दाखवावा.

दुसरी, बटाईचे करार एका वर्षाऐवजी तीन किंवा अधिक वर्षांचे करावेत.

तिसरी सर्वांसाठी, ज्यांची वीतभर जमीन नाही त्यांच्यासाठीसुद्धा. धान्य शहरात येते, त्याबरोबर मातीचा अंशही येतो. तो परत जाण्याची वाट शहरानेच करावयाची आहे. ओला-सुका कचरा वेगळा करण्यात इंदूरने देशात नाव मिळविले आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून वायू व खत करणारा मोठा कारखानाही येथे सुरू झाला. आपल्या कार्यालयातील लग्नाच्या पंक्तींनंतरच्या भाज्यांची देठे-साले, गणेशोत्सवातील निर्माल्य आणि अंगणातील पालापाचोळा यांसाठी न्यासाने आवारातच एक खड्डा करावा. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी तो सांभाळावा आणि त्यावर 'इंदूर पद्धत' अशी पाटी लावावी. वाचनालयात बसून जो धडा मिळणार नाही, तो तेथे मिळेल.

संशोधन आपल्या गावात झाले, धोरण पत्रिकेच्या रूपाने आपल्या घरी आले. आता उरले आहे ते आपले काम. पुढील महोत्सवाच्या स्मरणिकेत जमाखर्चाच्या पानावर मातीच्या देण्यापैकी काही रक्कम फिटल्याची नोंद असावी, एवढीच इच्छा व्यक्त करून सभासदांची रजा घेतो.