उभ्या गाड्या मोज

पुणे

चि. मनू,


तासाभराच्या वाहतुकीचं सिम्युलेशन चालवायला अख्खी रात्र जाते, म्हणून तू मोठा संगणक घ्यायला निघाली आहेस. तो घेऊ नकोस. तुझा प्रोग्रॅम मी नीट वाचला. सुमो या सिम्युलेटरमधल्या प्रत्येक गाडीला तू दर सेकंदाला विचारतेस, किती वेळ थांबलीस? रस्त्यांवर एका वेळी तीन हजार गाड्या धरल्या, तर 3600 सेकंदांत एक कोटीच्या वर प्रश्न होतात. तुझा प्रोग्रॅम सुमोशी ट्रेसी या दुव्यातून बोलतो, आणि त्यातून गेलेला प्रत्येक प्रश्न सॉकेटवरून सुमोकडे जातो आणि उत्तर घेऊन परत येतो. तुझी रात्र या हेलपाट्यांत जाते.

मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही वही आणि घड्याळ घेऊन चौकात उभे राहायचो. कोणती गाडी कधी थांबली, कधी सुटली, हे टिपणं माणसाला शक्यच नव्हतं. म्हणून ठरावीक सेकंदांनी, त्या क्षणी उभ्या असलेल्या गाड्या तेवढ्या मोजायच्या. सगळ्या मोजण्यांची बेरीज गुणिले मधलं अंतर, हा झाला एकूण थांबलेला वेळ. त्याला चौकातून गेलेल्या गाड्यांनी भागलं की सरासरी. सिग्नलचं चक्र 120 सेकंदांचं असेल तर 15 सेकंदांनी मोजायचं नाही, 13 सेकंदांनी मोजायचं. नाहीतर दर फेरीला चक्रातल्या त्याच त्या क्षणांची रांग वहीत येते.

सुमोलाही हेच विचार. प्रत्येक लेनवर आत्ता किती गाड्या उभ्या आहेत, हा आकडा तो देतो. चौकाला बारा लेन असतील तर बारा आकडे. सुरुवातीला एकदाच सबस्क्रिप्शन मागून ठेवलंस की ते सिम्युलेशनच्या दर टप्प्याच्या उत्तराबरोबर आपोआप येतात. त्यांची बेरीज करून टप्प्याच्या लांबीने गुणायचं. शिवाय ट्रेसीच्या जागी लिबसुमो वापर. आज्ञा जवळजवळ त्याच, पण मधला सॉकेटच निघून जातो. आणि सिग्नल तुझ्या प्रोग्रॅमने चालवायचा नसेल, तर वाटेत काहीच विचारू नकोस. सुमोच्या ट्रिपइन्फो या फाइलमध्ये प्रवास संपवलेल्या प्रत्येक गाडीचा थांबलेला वेळ शेवटी लिहिलेला मिळतो.

आता मला जास्त काळजी आहे ती गोष्ट. सुमोच्या लेखी थांबणं म्हणजे वेग सेकंदाला 0.1 मीटर किंवा त्याहून कमी. गाडी जराशी पुढे सरकली की तिचा चालू थांबण्याचा वेळ पुन्हा शून्य होतो. साठवलेला वेळ विचारलास, तर तोही, आपण मूळ सेटिंग बदललं नाही तर, मागच्या 100 सेकंदांपुरताच असतो, आणि आपल्याकडे नुसता लाल दिवाच कधीकधी त्याहून लांब असतो. आपल्या रांगेतल्या दुचाक्या इंचाइंचाने पुढे घुसत राहतात. सुमोच्या हिशेबात त्या थांबलेल्याच नाहीत, पण त्यांवर बसलेल्या माणसांचा वेळ तर जातोच. म्हणून ट्रिपइन्फोमधला वाया गेलेला वेळही शेजारी मांड. हव्या त्या वेगाने जाता न आल्यामुळे गेलेला सगळा वेळ त्यात येतो.

माझी एक चूक सांगतो, ती तू करू नकोस. एका कामात मी नवं सिग्नल वेळापत्रक सुचवलं आणि प्रतीक्षा बरीच घटल्याचं अहवालात लिहिलं. प्रत्यक्षात रांग नकाशाच्या कडेपर्यंत पोचली होती आणि मागच्या गाड्यांना आत शिरायलाच जागा नव्हती. त्यांचा वेळ सुमो प्रवेशाचा उशीर म्हणून वेगळा लिहितो, आणि तो रकाना मी पाहिलाच नव्हता. रहदारीत अडकणाऱ्या माणसांना मी चुकीचं सांगितलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तशीच चुकण्याची दुसरी जागा टेलिपोर्टची. मूळ सेटिंग बदललं नाही तर 300 सेकंद अडकून पडलेली गाडी सुमो उचलून पुढे नेऊन ठेवतो. अशा गाड्या किती, हे निकालासोबत लिहिलंच पाहिजे.

येत्या सोमवारी सकाळी नऊला तुझ्या चौकात ये. येताना वही आण. तासभर आपण दोघं उभ्या गाड्या मोजू आणि मग तुझ्या प्रोग्रॅमचा आकडा त्या वहीशेजारी ठेवून पाहू.

तुझा,
मामा