बहुस्वर म्हणजे काय?

आपल्या शाळेच्या कीबोर्डच्या खोक्यावर 'पॉलिफोनी ३२' असे छापलेले आहे. बाईंनी त्याचा अर्थ सांगितला, तो मी इथे लिहिते.

हा शब्द ग्रीक भाषेतून आला. 'पॉली' म्हणजे पुष्कळ आणि 'फोने' म्हणजे आवाज. टेलिफोनमधला फोन तोच! मराठीत आपण बहुस्वर म्हणू. कीबोर्डवर ३२ लिहिले म्हणजे त्यातून एका वेळी ३२ स्वर वाजू शकतात. पूर्वी मोबाईलची घंटी एका वेळी एकच स्वर वाजवायची. नंतर पुष्कळ स्वर एकदम वाजवणाऱ्या घंट्या आल्या. त्यांनाही हेच नाव होते.

पण मित्रांनो, पुष्कळ माणसे एकत्र गायली की बहुस्वर झाला असे नाही हं. आपण प्रार्थना सगळे मिळून म्हणतो, पण चाल एकच असते. भजनात बुवा ओळ म्हणतात आणि टाळकरी तीच ओळ मागून म्हणतात. तिथेही चाल एकच. बहुस्वरात एकाच वेळी दोन-तीन निरनिराळ्या चाली चालतात. तरी गोंधळ होत नाही, कारण ताल एक असतो आणि स्वर एकमेकांना जुळणारे असतात.

जॉर्जिया नावाचा एक डोंगराळ देश आहे. तिथले लोक तीन आवाजांत गातात. 'चाक्रुलो' नावाच्या गाण्यात दोन गायक वर आपापली चाल गातात. खालचा जाड सूर बाकीचे सगळे मिळून धरून ठेवतात. या खालच्या आवाजाला तिकडे 'बानी' म्हणतात. २००१ साली युनेस्कोने या गायनाचा गौरव केला.

मला हे फार आवडले. कारण माझा आवाज जाड आहे. समूहगीताच्या वेळी कोणी कोणी मला म्हणतात, तू नुसते तोंड हलव. पण बानी नसेल तर वरच्या दोघांनी कशाच्या आधाराने गायचे? तिकडे जाड आवाजाचे काम मोठे आहे.

आणखी एक गंमत. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने आकाशात सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर पृथ्वीवरची गाणी आहेत. त्यांत चाक्रुलो आहे आणि गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. भैरवीत चाल एकट्या केसरबाईंची, चाक्रुलोत पुष्कळांची. म्हणजे दोन्ही तऱ्हा थोरच आहेत.

आता हे करून पाहा. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने सा रे ग म प ध नी सा असे सावकाश म्हणायचे. पहिला गट 'ग' वर आला की दुसऱ्याने 'सा' पासून सुरू करायचे. मग ग बरोबर सा, म बरोबर रे, प बरोबर ग असे ऐकू येते. पहिल्या गटाचे संपले की त्याने थांबायचे. दुसऱ्याचे ऐकत ऐकत आपलेही सोडायचे नाही, हेच अवघड आहे. ओरडले तर काहीच ऐकू येत नाही.

शाळेत आलेल्या पालकांनीही घरी मुलांबरोबर करून पाहावे. घरात कोणाचा आवाज जाड असेल तर त्यालाही घ्यावे.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी