खुराडं बांधताना आधी जमीन बघा, मग छप्पर

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकींच्या खुराड्यात एका रात्रीत सात गावठी कोंबड्या मेल्या. सकाळी त्यांनी हाक मारली म्हणून धावत गेले. दाराची कडी लागलेली, जाळी कुठे फाटलेली नाही आणि आत सातही जणी मानेला चावे बसून पडलेल्या. नेलेली एकही नव्हती. "कुणीतरी करणी केली गं," असं काकी म्हणत होत्या. मी मागच्या अंगाने फिरले, तेव्हा चिऱ्याची भिंत आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये मूठ जाईल एवढी फट दिसली. फटीच्या कडेला राठ काळपट केस अडकले होते आणि खाली भिंतीवर चिखलाच्या पंजांचे ओरखडे होते. उदमांजर वरून उतरलं होतं. बंद जागेत कोंबड्या फडफडायला लागल्या की असं जनावर पोटापुरतं मारून थांबत नाही.

तळकोकणात परसात कोंबड्या पाळणाऱ्या अनेकांकडे मी हेच पाहत आले आहे. चारी बाजूंच्या जाळीवर पैसे खर्च होतात आणि जनावर येतं जमिनीतून नाहीतर छपरातून. ते खुराडं फोडत बसत नाही, उघडी राहिलेली जागा शोधतं.

म्हणून बांधायच्या आधी आपल्या परसात कोण फिरतं ते ओळखा. अंडी गेली आणि टरफलाचा कपटाही मागे नसेल, तर बहुतेक साप. टरफलं फुटून पडली असतील तर मुंगूस किंवा कावळा. पिल्लू भरदिवसा अंगणातून उचललं गेलं तर घार नाहीतर शिक्रा. अख्खी कोंबडी नाहीशी आणि पिसं वईपर्यंत सांडलेली, हे रानमांजराचं किंवा कोल्ह्याचं काम. जाळी दाबून वाकवलेली आणि कोंबड्या फाडून तशाच टाकलेल्या दिसल्या, तर भटकी कुत्री. मुंगूस दिवसा फिरतं, उदमांजर रात्री, त्यामुळे हल्ला कधी झाला यावरूनही अर्धं उत्तर मिळतं.

आता जाळी. दुकानात कोंबडी जाळी म्हणून मिळते ती षटकोनी भोकांची, पातळ तारेची. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. आमच्या खाऱ्या, दमट हवेत ती गंजतेही लवकर. अर्ध्या इंची भोकांची जीआय वेल्डेड जाळी महाग पडते, पण निदान खालच्या तीन फुटांना तीच लावा. नुसत्या खिळ्यांवर ठोकू नका. जाळीवर लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने आवळा, म्हणजे कोपऱ्यातून उचकटता येत नाही.

जमिनीचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच नेमकं टाळलं जातं. जाळीची कड फूटभर खोल पुरायची. जांभ्यात खणणं जमत नसेल तर तीच जाळी बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरा आणि वर चिरे-दगड रचा. मुंगूस किंवा कुत्रं भिंतीच्या पायथ्याशीच उकरायला लागतं आणि पंजाला जाळी लागते. मागे सरकून दोन फुटांवरून उकरावं, हे त्यांना सहसा सुचत नाही. रात्रीचं खुराडं मात्र चिऱ्यांच्या जोत्यावर, कोबा केलेलं असावं. घूस मातीची जमीन पोखरते आणि तिच्याच बिळातून पुढे नाग-धामण आत येतात. संध्याकाळी उरलेलं खाद्य उचलून ठेवलं की घुशी-उंदीर कमी येतात आणि त्यांच्या मागावरचे सापही.

छपराखाली हवा खेळायला हवी. पावसात कोंदट खुराड्यात कोंबड्या आजारी पडतात, म्हणून वरची फट बुजवून टाकू नका, तिच्यावर तीच अर्ध्या इंची जाळी मारा. कौलं असतील तर कौलांखालीही जाळी हवी, कारण उदमांजर कौल सरकवतं. बसायची काठी जाळीपासून हातभर लांब ठेवा. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, ती जागची हलत नाही आणि जाळीला टेकून बसली तर बाहेरून पंजा घालून तिला ओढता येतं.

दिवसाच्या आवारावर घारीसाठी मासेमारीचं जुनं जाळं ताणलं तरी पुरतं. पण ते उंच, ताठ बांधा. जमिनीला लोंबणाऱ्या नायलॉनच्या जाळ्यात साप अडकून तडफडून मरतात. तशी एक धामण मी कात्रीने सोडवली आहे. तिच्या अंगात दोरे रुतले होते. तेव्हापासून कुणाकडेही लोंबतं जाळं दिसलं की मी सांगितल्याशिवाय राहत नाही.

विष घालणं आणि फासकी लावणं, दोन्ही करू नका. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, घोरपड, नाग, धामण या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासकीत आपल्याकडे बिबटे अडकले आहेत, आणि विष आपली कोंबडीही खाते. खुराड्यात साप दिसला तर मारायला काठी उचलू नका. दार लावून घ्या, लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. बिबट्याचा वावर असेल तर खुराडं घराच्या भिंतीला लागून, पक्कं आणि उजेडातच हवं. तिथे नुसती जाळी उपयोगाची नाही.

तिन्हीसांजेला कोंबड्या आपणहून परततात. त्याच वेळी मोजून दार लावायचं, जेवण झाल्यावर नाही. कडीला वर आडवा बोल्ट द्या. काकींनी नवीन खुराड्याला तसा बसवून घेतला आहे. आणि गणपतीच्या आधी एकदा चारी बाजूंनी वाकून बघा. पाण्याने माती वाहून जाळीची कड उघडी पडलेली असते. तिथे माती दाबून वर दगड ठेवा.