टोपलीचे मोल



गेल्या वर्षी नाताळाच्या आठवडाभर आधी अर्पणविधीसाठी आम्हांला सहा टोपल्या हव्या होत्या. बाजारात एक बाई बांबूच्या टोपल्या, सुपे आणि करंडे घेऊन बसली होती. तिने नगाला 250 रुपये सांगितले. आम्ही 150 पासून सुरुवात केली आणि 170 वर सौदा ठरला. दिवस मावळत आला होता, तिला शेवटची गाडी गाठायची होती, हे आम्हांला दिसत होते. खरे सांगायचे तर त्याच जोरावर आम्ही अडून बसलो. परतताना 480 रुपये वाचवल्याचे समाधान होते. नाताळच्या मध्यरात्री त्याच टोपल्यांतून फळे आणि धान्य वेदीकडे आले, तेव्हा मात्र ते समाधान टिकले नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा न्याय्य किमतीचा विचार आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. वस्तूच्या मोलापेक्षा जास्त घेऊन ती विकणे हा अन्याय आहे, हे आपल्या सर्वांना पटते. कारण आपण बहुधा गिऱ्हाईक असतो. पण मोलापेक्षा कमी देऊन ती विकत घेणे हाही अन्यायच, असे ते त्याच ठिकाणी सांगतात. हे वाक्य त्या वेळी आमच्या लक्षात राहिले नाही.

यावर कोणी म्हणेल, “फादर, ती बाई कबूल झाली ना? तुम्ही काही हिसकावून घेतले नाही.” युक्तिवाद सरळ वाटतो. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. गरजेपोटी किंवा आणखी वाईटाच्या भीतीने कामगार अपुऱ्या मजुरीला होकार देत असेल, तर त्या होकारामुळे अन्याय पुसला जात नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. शेवटच्या गाडीकडे डोळे लावून बसलेल्या बाईचा होकार हा त्याच जातीचा. त्यांचेच नाव 2025 साली नव्या पोपमहाशयांनी धारण केले आहे, तेव्हा हे जुने परिपत्रक पुन्हा उघडायला हरकत नाही.

अडचण अशी की, टोपलीच्या किमतीत काय काय दडले आहे ते आपल्याला दिसत नाही. बांबू विकत घ्यायचा, चिरायचा, कोयत्याने त्याच्या पातळ कामट्या काढायच्या, तासायच्या, मग विणायला बसायचे. बोटांना चिरा पडतात त्या वेगळ्याच. आपण मात्र मनातल्या मनात तिची तुलना साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या टबाशी करतो आणि म्हणतो, “एवढे पैसे कशाचे?”

पण म्हणून हाताने केलेली प्रत्येक वस्तू न्यायाने केलेली असते, असेही नाही. गालिचाचेच पाहा. उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूरचा पट्टा हातमागाच्या गालिचांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्याच पट्ट्यात लहान मुले मागावर बसवली जात. 1986 च्या बालकामगार कायद्याने गालिचा विणण्याच्या कामावर मुले ठेवण्यास बंदी घातली, परंतु कुटुंबाच्या मदतीने चालणारी कार्यशाळा त्यातून वगळली. 2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास मनाई केली, तरी शाळेच्या वेळेबाहेर घरच्या उद्योगात मदत करण्याची मुभा राहिली. घरातल्या मागावर बसलेले मूल त्या घरचे की दुसऱ्या कोणाचे, हे तपासणार कोण? म्हणूनच कैलाश सत्यार्थी यांनी 1994 साली ‘रगमार्क’ सुरू केले. 2009 पासून त्याचे नाव ‘गुडवीव्ह’ आहे. तपासनीस न कळवता मागांवर जातात आणि मान्य झालेल्या गालिचाला क्रमांक असलेली खूणचिठ्ठी लागते. सत्यार्थी यांना 2014 साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला.

(जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट: गालिचा घेताना तो उलटा करून पाहावा. गाठी मारून विणलेला असेल तर नक्षी मागेही दिसते. पाठीला कापड चिकटवलेले असेल तर तो बहुधा पिस्तुलासारख्या यंत्राने धागा ठोकून केलेला असतो. दोन्हींचे भाव एक नसावेत.)

दुकानातील खुणाही समजून घ्यायला हव्यात. 2006 साली सुरू झालेला ‘हँडलूम मार्क’ कापड हातमागाचे असल्याची ग्वाही देतो; भौगोलिक मानांकन वस्तू कुठली ते सांगते. विणकराच्या हाती किती पडले, हे दोन्हींतून कळत नाही. ते विचारावे लागते. कारागिराला पैसे कधी मिळतात, हाही एक चांगला प्रश्न आहे. कच्चा माल घ्यायला पैसे नसले की तो सावकाराकडे किंवा व्यापाऱ्याकडे जातो आणि मग दर तोच व्यापारी ठरवतो. जागतिक न्याय्य व्यापार संघटनेच्या नियमांत म्हणूनच असे कलम आहे की, हस्तकलेच्या मालासाठी कारागिराने मागितल्यास किमान 50 टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे अंधेरीचे ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’. इझाबेल मार्टिन या स्पॅनिश धर्मभगिनीने 1984 साली झोपडपट्टीतील महिलांना घेऊन ते सुरू केले.

हे सारे वाचून कोणाच्या मनावर ओझे येऊ नये. महिनाअखेरीस ज्या घरात दूध मोजून घ्यावे लागते, त्या घराने प्लास्टिकची बादली घेतली तर त्यात काडीचेही पाप नाही. आम्ही बोलत आहोत ते लग्नाच्या रुखवतासाठी, नव्या घरासाठी सढळ हाताने खर्च करणाऱ्यांशी. मॉलमध्ये छापील किंमत निमूटपणे देऊन, फूटपाथवर दहा रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्यांशीही. त्यात आम्हीही आलोच.

या नाताळात आणखी चार टोपल्या लागतील. तिने सांगितलेला दर द्यावा व अर्धी रक्कम आधी द्यावी, असे अर्थ समितीला सांगितले आहे. मागच्या सहा टोपल्यांचे 480 रुपये पाकिटात घालून कार्यालयात ठेवले आहेत. ती बाई मंगळवारच्या बाजारात, मासळीच्या ओट्यांच्या पलीकडे बसत असे. पावसाळ्यानंतर ती आम्हांला दिसली नाही. कोणाला दिसल्यास कृपया कार्यालयात कळवावे.