पाकिटावरचा वेब पत्ता: एकदा ठरवा, कायम ठेवा

सख्यांनो, आपल्या बऱ्याच गटांच्या पापड, मसाल्याच्या पाकिटावर आता क्यूआर कोड असतो. गिऱ्हाईक त्यावर मोबाइल धरतं आणि ऑर्डरचा फॉर्म उघडतो. या कोडमध्ये जादू काही नाही, आत एक वेब पत्ता असतो. पाकिटं छापून झाली की तो पत्ता खोडून दुसरा लिहिता येत नाही.

समजा, प्रदर्शनात मसाला घेतलेल्या ताईंनी सहा महिन्यांनी कोड स्कॅन केला आणि ‘पान सापडले नाही’ असं आलं. त्या आपला फोन नंबर शोधत बसणार नाहीत, दुकानातून दुसरा मसाला घेतील. ऑर्डर गेली हे आपल्याला कळणारही नाही. म्हणून पत्ता ठरवणं हे काम कॉम्प्युटरवाल्या दादावर सोडू नका, बैठकीत बसून ठरवा.

पत्त्यात काय घालू नये?
वेबचा शोध लावणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये यावरच एक टिपण लिहिलं. त्यांचं सांगणं सोपं आहे: जे पुढे बदलणार आहे ते पत्त्यात नको. आपल्या भाषेत सांगायचं तर साल नको, अध्यक्ष ताईंचं नाव नको, भाव नको. ‘दिवाळी २०२५’ घातलं तर पुढच्या दिवाळीला पत्ता जुना झाला. गटाचं नाव, डॉट इन, तिरकी रेघ आणि ‘पापड’ एवढं पुरतं.

फोनवर सांगून बघा
शेजारच्या गावातल्या मैत्रिणीला पत्ता फोनवर सांगा. तिने एकदा ऐकून बरोबर लिहिला तर पत्ता चांगला. इंग्रजी अक्षरं सगळी लहान ठेवा, कारण तिरक्या रेघेपुढे लहान-मोठ्या अक्षरानेही पान चुकू शकतं. शून्य आणि ‘ओ’ अशी घोटाळ्याची जोडी टाळा.

पत्ता कोणाच्या नावावर?
गावातल्या मुलीने स्वतःच्या जीमेलवरून गुगल फॉर्म केला आणि ती लग्न होऊन गेली, तर फॉर्मही तिच्याबरोबर गेला. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल बंद करू शकतं. म्हणून गटाचं किंवा ग्रामसंघाचं वेगळं खातं काढा आणि त्याचा पासवर्ड दोघी पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. दर सणाला नवा फॉर्म करू नका. त्याच फॉर्ममध्ये भाव आणि माल बदला, पत्ता तोच राहतो.

फुकटच्या छोट्या लिंक
लिंक छोटी करून देणारी गुगलची सेवा २०१९ मध्ये नव्या लिंकसाठी बंद झाली. पडून राहिलेल्या जुन्या लिंकही २०२५ मध्ये बंद केल्या गेल्या. क्यूआर बनवून देणाऱ्या काही साइट मोफत मुदत संपली की कोड थांबवतात. पाकिटं हजारोंनी छापायची असतील तर असा उसना पत्ता घेऊ नका.

स्वतःचा पत्ता
एकेका गटाला जड जात असेल तर प्रभागसंघाने मिळून एक डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब पत्ता घ्यावा. तिरक्या रेघेपुढे प्रत्येक गटाचं नाव येईल. छापायचा तो हाच पत्ता, आणि तो उघडला की गटाच्या फॉर्मवर जाईल अशी सोय करायची. उद्या फॉर्म बदलला तरी दारावरची पाटी तीच. या सोयीला ‘रिडायरेक्ट’ म्हणतात. साइट करणाऱ्याला हाच शब्द सांगा.

डोमेनची फी दर वर्षी भरावी लागते. पहिल्या वर्षाची कमी आणि पुढची जास्त असू शकते, आधी विचारून घ्या. फी चुकली तर तेच नाव दुसरं कोणीही घेऊ शकतं. मग आपल्या पाकिटावरचा कोड त्याचं दुकान उघडेल!

पुढच्या बैठकीत एवढं करा
१. आपल्या पाकिटावरचा कोड स्कॅन करून बघा.
२. फॉर्म आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे ते विचारा.
३. फी भरायची तारीख ठरावासह इतिवृत्तात लिहा.
४. पत्ता बदलावाच लागला तर जुना बंद करू नका, तो नव्याकडे वळवा.

हे झाल्याशिवाय नवी पाकिटं छपाईला देऊ नका.