मशीहाच्या युगात निवड उरेल का?

प्रश्न : मशीहा आल्यावर दुष्टाई संपेल, असे ज्यू धर्म मानतो. मग बरे-वाईट निवडण्याचे स्वातंत्र्य माणसाला राहील का?

उत्तर : यावर ज्यू परंपरेत एकमत नाही. ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस (मृत्यू १२०४) ‘मिश्ने तोरा’ या धर्मसंहितेत म्हणतात, की त्या काळीही सृष्टिक्रम तसाच चालेल; इस्राएल, म्हणजे ज्यू लोक, फक्त परक्या सत्तेच्या जोखडातून सुटतील. दुष्काळ, युद्ध, मत्सर नसल्याने पापाची कारणे कमी होतील, पण निवडीची शक्ती जाणार नाही. आज्ञा आणि शिक्षा यांना अर्थ येतो तो या शक्तीमुळेच, असे ते त्याच ग्रंथात बजावतात.

बायबलचे ज्यू भाष्यकार नाखमानिडीस (११९४–१२७०) वेगळे सांगतात. बायबलमधील ‘अनुवाद’ या ग्रंथात (३०:६) देव अंतःकरणाची सुंता करील असे म्हटले आहे. त्यावरील भाष्यात ते लिहितात, की तेव्हा वाईटाची ओढच सरेल आणि पापापूर्वीच्या आदामाप्रमाणे माणूस स्वभावतःच योग्य ते करील. ओढ नाही, म्हणून पुण्यही नाही आणि दोषही नाही. बायबलमधीलच ‘उपदेशक’ या ग्रंथातील (१२:१) ‘सुख न वाटणारी वर्षे’ म्हणजे मशीहाचेच दिवस, असा अर्थ तालमूद या ज्यू धर्मग्रंथात आहे; नाखमानिडीस त्याचाच आधार घेतात.

मला या दुसऱ्या मताचे मोल फार वाटते. उपदेशकातील त्या वचनात ती वर्षे येण्यापूर्वी, तारुण्यातच निर्माणकर्त्याला स्मरण्याची आज्ञा आहे. मोह समोर असताना केलेल्या सत्कर्माची किंमत मोठी, म्हणून ते आजच करावे.